सांडवा कुठाय? शिगा कोगेनच्या तळ्यांवर बाबांसोबत चार दिवस

बाबांची सकाळ टोकियोत पण कोयनेच्या पाणीपातळीनेच सुरू होते. पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली पण जुन्या ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर कोणीतरी रोज धरणाचा साठा, येवा (आत येणारं पाणी), विसर्ग (बाहेर सोडलेलं) टाकतं आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्यांदा वाचतात, आम्हाला ऐकायचं असो नसो. सप्टेंबर संपत आलेला, धरण १०५ टीएमसीच्या आसपास टेकलेलं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. तेवढ्यात मी विषय काढला, बाबा डोंगरात जाऊया का, वर तळी आहेत.

"किती?"

"बरीच आहेत."

"नैसर्गिक का बांधलेली?"

म्हटलं नैसर्गिक. "मग जाऊ," म्हणाले, आणि परत विसर्ग वाचायला लागले.

आई येणार नव्हतीच. पितृपक्षात कसले डोंगर चढता, हे एकदा म्हणून झालं, मग "मी नातवाला सांभाळते, तुम्ही बापलेक जा काय चिखल तुडवायचाय तो तुडवा" असं म्हणत तिने दशम्या करायला घेतल्या. चार दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. बाबा पूर्ण शाकाहारी, आणि जपानमधे भाजी दिसते तिच्या खाली पण माशाच्या वाळक्या तुकड्यांचं पाणी असतं, त्यामुळे हे सामान म्हणजे आमचा मृतसाठा (हा शब्द बाबांचा, धरणात गेटच्या खाली जे पाणी राहतं ते).

जागा कुठली ते सांगते. नागानो प्रीफेक्चरमधे यामानोउची नावाचं गाव आहे, त्याच्या डोक्यावर शिगा कोगेन. कोगेन म्हणजे पठार, पण आपल्या पाचगणीसारखं सपाट टेबल डोळ्यासमोर आणू नका, जुन्या ज्वालामुखींचे डोंगर आणि त्यांच्या खोबणीत अडकलेली तळी असा प्रकार आहे. जोशिनएत्सु कोगेन नॅशनल पार्कचा भाग, १९८० पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह. १९९८ च्या नागानो विंटर ऑलिंपिकमधल्या स्कीइंगच्या काही शर्यती इथल्याच उतारांवर झाल्या. आपले लोक जातात ते हिवाळ्यात, खालच्या जिगोकुदानीला गरम पाण्यात बसलेली माकडं बघायला, आणि तिथूनच परत फिरतात. बाबांना माकडांचं विचारलं तर म्हणाले महाबळेश्वरला आयुष्यभर बघितली, एकदा तर चष्मा नेलाय.

दिवस पहिला: टोकियो, नागानो, शिबु ओन्सेन

उएनोहून होकुरिकु शिनकान्सेन, दीड तासात नागानो. तिकिटाचं सांगितलं नाही कारण आठ हजार येनच्या वर एका माणसाला हे कळलं असतं तर बाबा रात्रीची बस शोधत बसले असते.

नागानोला उतरलात तर झेनकोजी मंदिर बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. सध्याचं मुख्य मंदिर १७०७ सालचं आहे, अख्खं लाकडी आणि प्रचंड. आतली मूळ बुद्धमूर्ती कोणालाच दिसत नाही, पुजाऱ्यांना पण नाही, आणि ती भारतातून कोरियामार्गे जपानला आली अशी तिथली आख्यायिका आहे. हे सांगितल्यावर बाबांची छाती जरा फुगली, मूर्ती जणू साताऱ्याहून एसटीने पाठवली होती. गाभाऱ्याच्या खाली एक बोगदा आहे, त्यात मिट्ट काळोख, उजव्या हाताने भिंत चाचपत जायचं आणि मूर्तीच्या बरोबर खाली लटकवलेलं कुलूप हाताला लागलं की पुण्य. मी पुढे, बाबा मागे माझ्या बॅगेचा पट्टा धरून. लहानपणी गर्दीत मी त्यांच्या शर्टाचं टोक धरायचे ते आठवलं. कुलूप बाबांना सापडलं, मला नाही, मी घाईत पुढे गेले होते.

बाहेर ओयाकी खाल्ले, कणकेच्या जाड पारीत सारण भरून भाजलेले किंवा वाफवलेले गोळे, नागानोची खासियत. भोपळ्याचा घेतला, दुकानातल्या बाईंना तीनदा विचारून की यात मासा नाही ना. बाबांचा निकाल : "मोदकच आहे, पण तिखटमिठाचा." शेजारी ओहागी होते, शिजवलेल्या चिकट भाताला बाहेरून गोड लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण थापलेलं. ते का आत्ताच एवढे विकायला ठेवलेत म्हणून विचारलं तर कळलं की ओहिगान चालू आहे, सप्टेंबरात दिवसरात्र सारखे होतात त्याच्या अलीकडचे पलीकडचे तीन तीन दिवस, तेव्हा जपानी लोक पूर्वजांच्या थडग्यावर जाऊन साफसफाई करतात, फुलं वाहतात आणि ओहागी ठेवतात. बाबांनी लगेच आईला फोन लावला. "अगं यांचा पण पितृपक्षच चाललाय!" पलीकडून आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही पण बाबांनी चार ओहागी बांधून घेतले, म्हणजे परवानगी मिळाली असावी.

पुढे नागानो देन्तेत्सुची छोटी ट्रेन, शेवटचं स्टेशन युदानाका. या लाइनवर टोकियोकडच्या जुन्या गाड्या पळतात, आम्हाला मिळाली ती पूर्वी नारिता एअरपोर्टची एक्सप्रेस होती. बाबा म्हणाले म्हणजे जुनी एशियाड तालुक्याच्या रूटला टाकतात तसंच. अगदी तसंच. खिडकीतून सफरचंदाच्या बागा, फळं लाल व्हायला लागलेली.

मुक्काम शिबु ओन्सेनला. दगडी फरशीची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूला लाकडी घरं, आणि गावात नऊ सार्वजनिक स्नानगृहं. गावात मुक्कामाला असलात की हॉटेलवाले एक किल्ली देतात, तिने सगळी उघडतात. जपानीत नऊलाही कु म्हणतात आणि कष्टालाही कु, म्हणून नऊ ठिकाणी अंघोळ केली की कष्ट धुवून जातात. मी बाबांना सगळं समजावलं, आधी बाहेर बसून अंग धुवायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, आणि हो बाबा, काहीही न घालता.

"काहीही न घालता?"

"सगळेच तसे असतात. कोणी बघत नाही."

"कोणी बघत नाही तर मग घातलं तर काय बिघडलं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुरुषांच्या दारातून ते आत गेले, मी बायकांच्या. पाणी इतकं कडक की मी गुडघ्यापर्यंतच उतरू शकले. बाहेर आले तर बाबा आधीच गल्लीत उभे, युकाता (अंघोळीनंतर घालायचा सुती किमोनो) उलटी गुंडाळलेली, तोंड टोमॅटोसारखं. "एक झालं. बाकी आठ ठिकाणचे कष्ट राहू देत," म्हणाले आणि खोलीवर जाऊन झोपले.

दिवस दुसरा: पावसातली तळी

युदानाकाहून बस वर चढते, वळणावर वळण, अर्ध्या तासात हवा बदलते, वर पोचलो तर थंडी, धुकं आणि बारीक पाऊस. बाबांनी बॅगेतून कानटोपी काढून घातली. पूर्ण जपानमधे ती माकडटोपी घातलेला एकच माणूस असणार.

खालच्या बाजूची तळी रस्त्यालगतच आहेत. मारुइके म्हणजे गोल तळं, बिवाइके म्हणजे बिवा या वाद्याच्या आकाराचं तळं. मारुइकेच्या उतारावर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन फौजांनी स्की लिफ्ट बसवली होती, जपानमधल्या अगदी पहिल्या खुर्चीवाल्या लिफ्टपैकी ती एक. आत्ता मात्र तिथे आम्ही दोघं आणि दोन बदकं. बिवाइकेला काठाकाठाने वाट आहे, ती आम्ही छत्री घेऊन चाललो. आणि इथे बाबांचं सुरू झालं.

"यात पाणी येतं कुठून?"

म्हटलं डोंगरातून.

"डोंगरातून म्हणजे काय? ओढा दाखव. आणि सांडवा कुठाय?"

म्हणजे जादाचं पाणी बाहेर पडायची जागा. धरणाला सांडवा लागतोच, नाहीतर पाणी भिंतीवरून जातं आणि मग भिंतच जाते, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं आहे. एरवी लोक फोटो काढतात, आम्ही छत्र्या धरून एका सुंदर तळ्याचा सांडवा शोधत फिरत होतो. शेवटी पाय ओले झाले तेव्हा थांबलो.

एक गोष्ट त्यांना फार आवडली. शिगा कोगेनची बरीचशी जमीन खालच्या गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक संस्थेची आहे, वागोकाई नाव तिचं, हॉटेलं वगैरे त्या जमिनीवर भाड्याने. "म्हणजे गायरान," बाबा म्हणाले, "फक्त इथं कोणी अतिक्रमण केलेलं दिसत नाही."

दुपारी पाऊस थांबला आणि आम्ही किदोइकेला गेलो. हे जरा वर, १६०० मीटरच्या पुढे. वारा पूर्ण पडलेला, पलीकडचे डोंगर पाण्यात उलटे, कडेला वाळलेली पांढरी झाडं उभी, आणि पाण्यावरून वाफेसारखं धुकं सरकत होतं. तिथे ट्रायपॉड लावून दहाबारा म्हातारे बसलेले, सगळे गप्प. बाबा पण त्यांच्यात जाऊन बसले. अर्धा तास. सांडव्याचं काही बोलले नाहीत.

रात्री कुमानोयुला राहिलो. तिथलं गंधकाचं पाणी हिरवं असतं, खरंखुरं हिरवं, कैरीच्या पन्ह्यासारखं. बाबा यावेळी स्वतःहून गेले आणि तासभर आले नाहीत. मी घाबरून रिसेप्शनला विचारायला निघाले तर समोरून आले, कोणा आजोबांशी गप्पा मारत होते म्हणे. भाषा? "त्यांचा गुडघा पण उजवाच दुखतो," एवढंच सांगितलं.

दिवस तिसरा: इकेमेगुरी

ज्यासाठी आलो तो हा दिवस. इकेमेगुरी म्हणजे तळ्यांची फेरी. वाट अशी, कुमानोयुच्या शेजारून माएयामाच्या टेकडीवर चढायचं, मग शिबुइके, मग जंगलातून शिजुहाचिइके म्हणजे अठ्ठेचाळीस तळी, तिथून खाली ओनुमाइके, आणि पुढे गाडीवाटेने मुख्य रस्त्याला लागायचं. चालणाऱ्या माणसाला चारेक तास, आम्ही सहा धरले होते, लागले सात.

स्कीच्या उतारावरून सरळ वर, सकाळी सकाळी जीव निघाला. बाबांनी तरुणपणी वासोटा, सज्जनगड, चंदनवंदन सगळं केलेलं पण आता वय ६७ आणि तो उजवा गुडघा. मी बॅगेला अस्वलासाठी घंटा बांधली होती, इथे अस्वलं खरोखर आहेत, वाटेच्या तोंडालाच पाटी आहे, आवाज करत गेलं की ती लांब राहतात. बाबांनी घंटा हलवून बघितली, "खिलाऱ्या बैलाची याच्यापेक्षा मोठी असते," आणि वर मोठ्यांदा विठ्ठल विठ्ठल सुरू केलं. समोरून उतरणारे लोक 'कोन्निचिवा' म्हणत, बाबा 'राम राम' म्हणत, आणि गंमत म्हणजे एका आजींनी परत 'रामु रामु' म्हटलं.

माथ्यावर चढ संपला की पाचएक मिनिटांत शिबुइके. १८०० मीटरवरचं छोटंसं तळं, कडेने बुटकी सरपटणारी पाइनची झुडपं, आणि पाण्यात शेवाळाची तरंगती बेटं. मागे योकोतेयामाचा डोंगर. रात्रीतून आकाश धुतल्यासारखं झालं होतं आणि रोवनच्या झाडांची पानं लालभडक, बर्चची पिवळी, बाकी अजून हिरवं. पूर्ण रंग अजून आठवडाभराने येतील असं कोणी म्हणालं पण मला हेच बरं वाटलं, सगळं लाल झालं की कॅलेंडर वाटतं.

पुढची वाट शिगा डोंगराच्या कुशीतून, फार चढउतार नाही पण मुळं आणि ओले दगड. तासाभराने झाडी एकदम उघडली आणि समोर शिजुहाचिइके.

हे कसं सांगू. जवळपास १९०० मीटरवर एक सोनेरी गवताचं मैदान आणि त्यात तुकड्या तुकड्यांनी आकाश पडलेलं. एखादं तळं बैलगाडीएवढं, एखादं परातीएवढं, कुठलंच एका पातळीवर नाही, पायऱ्यापायऱ्यांनी एकाच्या वर एक, मधे हातभर गवताचा बांध. नाव अठ्ठेचाळीस पण खरी साठच्या वर आहेत, अठ्ठेचाळीस म्हणजे आपण छप्पन म्हणतो तसं, पुष्कळ. वरून लाकडी फळ्यांची वाट नेलेली, तिच्यावरूनच चालायचं, खाली पाय टाकायचा नाही.

बाबा फळीवर उभे राहिले आणि पहिल्यांदाच गोंधळलेले दिसले. "ओढा नाही. झरा नाही. वरती पाणलोट पण काही नाही, हा तर माथाच आहे जवळजवळ. आणि ही तळी एकमेकांपेक्षा वर-खाली, तरी वरचं पाणी खाली का जात नाही?"

मी फोन पाटीवर धरून भाषांतर वाचून दाखवलं आणि आधी वाचलेलं त्यात भर घातली. सगळी करामत शेवाळाची आहे. स्फॅग्नम नावाचं शेवाळ स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं, पाऊस आणि बर्फ हाच काय तो पुरवठा. थंडी आणि आम्लामुळे मेलेलं शेवाळ कुजत नाही, साचत जातं, वर नवीन वाढतं, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. ते बांधही कोणी घातलेले नाहीत, शेवाळ गवतच वाढून तयार झालेत.

बाबांनी मनातल्या मनात गणित केलं. "म्हणजे एक मीटरला हजार वर्षं." मग जरा वेळाने, "आपल्याकडं असतं तर गाळमुक्त करून शेतात टाकलं असतं."

आणि मग ते चक्क फळीवर गुडघे टेकून बसले, तो दुखरा गुडघा सुद्धा. मला वाटलं चक्कर आली. "दवबिंदू! अगं हे बघ, दवबिंदू!" गवताच्या बुडाशी लालसर, शर्टाच्या बटणाएवढी गोल पानं, कडेने केस आणि प्रत्येक केसावर चिकट थेंब. कासच्या पठारावर असतो तो कीटक खाणारा दवबिंदू, त्याचाच हा जपानी भाऊबंद, जात वेगळी पण कुळ तेच. बाबांची साताऱ्यात आठ वर्षं पोस्टिंग होती, तेव्हा कासला फुलं बघायला कोणी येत नसे, कास म्हणजे साताऱ्याला पाणी पुरवणारा तलाव एवढंच. रविवारी मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे आणि असंच जमिनीवर झोपून दवबिंदू आणि सीतेची आसवं दाखवायचे. जमीन तिथेही अशीच, कातळावर वीतभर माती, पाणी साचलेलं, नायट्रोजन नाही, म्हणून झाडाने किडे धरायचे. आता तिथे तिकीट, वेळ ठरवून बुकिंग, मधली काही वर्षं कुंपण पण होतं, आणि तरी आत घुसून सेल्फी. कुंपण असावं का नसावं यावर बाबांचं आणि काकांचं कायमचं भांडण आहे. इथे कुंपण नाहीच, फक्त फळी, आणि फळीवर आमच्या मागे सात माणसं गपचूप थांबलेली, एक परदेशी म्हातारा गुडघ्यावर बसून काय बघतोय ते बघत. मी सुमिमासेन सुमिमासेन (माफ करा, माफ करा) करत बाबांना उठवलं तर त्यातल्या एका काकूंनी स्वतःच वाकून बघितलं आणि म्हणाल्या "मोसेन्गोके." तेच नाव त्याचं जपानीत. बाबांनी ते डायरीत देवनागरीत लिहून घेतलं.

तिथल्या बाकावर दशम्या खाल्ल्या. चटणीचा वास आख्ख्या दलदलीत गेला असणार. कचराकुंडी कुठेच नसते, फॉइल घडी करून परत बॅगेत.

अठ्ठेचाळीस तळ्यांवरून ओनुमाइकेकडे उतरताना लाकडी पायऱ्या लागतात, आणि त्या संपतच नाहीत. चढापेक्षा हा उतार वाईट. बाबा एकेक पायरी आडवे होऊन उतरत होते, मी पुढे. आणि साधारण मधे फट्ट असा आवाज. बाबांच्या डाव्या बुटाचा तळ अर्धा सुटून लोंबायला लागला. बूट जुने पण चांगले होते, पाच वर्षं कपाटात नीट ठेवलेले, तोच घोटाळा झाला म्हणे, वापरले नाहीत तरी तळाचा फोम आणि गोंद हवेतल्या ओलाव्याने सडतो. आम्ही नाडीने बांधलं, वीस पायऱ्यांत सुटलं. रुमालाने बांधलं, घसरायला लागलं. तेवढ्यात मागून ते मगासच्या काकू आणि त्यांचे मिस्टर आले. काही विचारलं नाही, काकांनी बॅगेतून पाण्याची बाटली काढली, तिच्याभोवती राखाडी चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली होती, ती सोडवत बाबांच्या बुटाला मोदकाला कळ्या पाडाव्यात तितक्या निगुतीने पट्ट्या मारल्या. बाबांनी संकोचून पाय मागे घ्यायला बघितला, मोठ्या माणसाने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे काय. मी बाबांना दोन ओहागी द्यायला सांगितले, ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले.

आणि मग झाडांतून निळं दिसायला लागलं.

ओनुमाइके हे शिगा कोगेनमधलं सगळ्यात मोठं तळं. रंग निळा म्हणावा तर हिरवा, मोरचुदाचं पाणी असतं ना बोर्डो मिश्रणाचं, द्राक्षबागेत फवारायचं, थेट तो. पाणी आम्लधर्मी, त्यामुळे स्वच्छ पण मासा नाही. काठाशी पाण्यात लाल तोरी, म्हणजे जपानी देवळाची कमान, उभी आहे.

बाबांनी ती बघितली आणि एकदम विचारलं, "गाव होतं का इथं?"

मला आधी कळलंच नाही.

"देऊळ पाण्यात आहे म्हणून विचारलं."

उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं जुनं देऊळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. बाबा नोकरीत नवे होते तेव्हा दुसऱ्या एका धरणावर त्यांचं काम मोजणीचं होतं, कोणाचं घर रेषेच्या आत, कोणाचं बाहेर. याबद्दल ते कधी फारसं बोलत नाहीत. एवढंच एकदा सांगितलेलं की एका म्हातारीने त्यांना रोज ताक दिलं, आणि तिचं घर रेषेच्या आत होतं.

म्हटलं नाही बाबा, इथे कधीच गाव नव्हतं. ही तोरी तळ्यातल्या देवासाठी. कुरोहिमे नावाच्या राजकन्येची आणि काळ्या ड्रॅगनची गोष्ट आहे, तो ड्रॅगन तिला मागणी घालतो, बाप नाही म्हणतो आणि वर फसवतो, मग वादळं, पूर, आणि शेवटी लोकांचे हाल थांबावेत म्हणून ती स्वतःच त्याच्याबरोबर जाते. उन्हाळ्यात इथे त्याचा उत्सव पण असतो. आणि तळं झालं कसं तर शिगा डोंगराचा लाव्हा वाहत आला आणि त्याने दरी अडवली.

"लाव्ह्याने?" इथे गाडी परत रुळावर आली. "म्हणजे हे धरणच आहे की. भूसंपादन नाही, पुनर्वसन नाही, टेंडर नाही." मग काठावरचा दगड हातात घेऊन फिरवत बसले. "आपला सह्याद्री पण लाव्हाच. पण तो साडेसहा कोटी वर्षांचा, त्याच्यापुढं हा काल निवलेला." बराच वेळ बसलो. तोरीकडे बघत ते आणखी काही बोलतील असं वाटलं पण नाही बोलले, बूट बघितला, उठले.

तळ्याच्या टोकाला पाणी बाहेर पडतं तिथे आल्यावर मात्र बाबांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले. "हां. हा सांडवा." दोन दिवस शोधल्यावर सापडला. खाली कुठे जातं विचारलं, म्हटलं आपण परवा राहिलो त्या खोऱ्याकडे. समाधान झालं. तिथून पुढची गाडीवाट कंटाळवाणी आहे, तासभर नुसती खडी, तिच्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, फक्त चिकटपट्टी टिकली. बस मात्र आमच्यासमोरून गेली, शंभर मीटरवरून, हात केला तरी थांबली नाही कारण इथे बस थांब्यावरच थांबते. पुढची सव्वा तासाने. रस्त्याच्या कडेला बसून उरलेले ओहागी खाल्ले. बाबा म्हणाले, एसटी थांबली असती. म्हटलं बाबा, एसटी वेळेवर आलीच नसती. "म्हणूनच तर मिळाली असती ना."

दिवस चौथा: ढग, पाव आणि परत

गुडघ्याने संप पुकारला होता म्हणून चालणं रद्द, बसने योकोतेयामा. २३०७ मीटरचा डोंगर पण वरपर्यंत सरकता पट्टा आणि लिफ्ट आहे, बाबांना अपराधी वाटलं पण बसले. हवा स्वच्छ असली की उत्तर आल्प्सची रांग दिसते म्हणे, आम्हाला समोरची खुर्ची दिसत नव्हती. माथ्यावर पावाची भट्टी आहे, जपानमधली सगळ्यात उंचावरची म्हणून मिरवते, ताज्या पावाच्या वासावरूनच दार सापडलं. पावाबरोबर मेतकूट. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत होती, बाबांनी तिला पण चिमूटभर दिलं, तिने खाल्लं आणि खूप विचार करून म्हणाली, करी?

जवळच शिबु खिंड, जपानच्या राष्ट्रीय महामार्गांवरची सगळ्यात उंच जागा, २१७२ मीटर, तसा दगड आहे. दगडासोबत फोटो, त्यात बाबा, दगड आणि ढग.

संध्याकाळच्या शिनकान्सेनमधे बाबांनी ओनुमाइकेचा तो निळा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. मला वाटलं वा वा, सुंदर, हात जोडलेले इमोजी येतील. पहिलं उत्तर आलं ते त्यांच्या जुन्या साहेबांचं, वय ८०.

"साठा किती? सांडवा दिसत नाही."

बाबा एकदम सरळ बसले. "तू काढलायस ना गं सांडव्याचा फोटो?"

मी फोन चाळला. चिकटपट्टी लावलेल्या बुटाचे चार फोटो होते.